फिजीच्या जवानांबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लेबनॉनमधली यूएनची शांतिसेना डिसेंबर २०२६ अखेर बंद करायचं सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं, त्यावर आपल्याकडे जे काही वाचायला मिळालं ते सगळं अमेरिका आणि इस्रायलभोवतीच. तिथे वर्षानुवर्षं उभं कोण राहिलं ते कुठेच नाही.

फिजीचंच घ्या. पॅसिफिक महासागरातला जेमतेम नऊ लाखांचा देश, आपली नवी मुंबई २०११ च्या जनगणनेतच ११ लाखांच्या वर होती. १९७० ला स्वतंत्र झाले आणि १९७८ ला लेबनॉनमध्ये बटालियन पाठवली, ती २००२ पर्यंत तिथे होती. इजिप्तच्या सिनाईत तर शांतिसैनिक म्हणून १९८२ पासून आहेत. १८ एप्रिल १९९६ ला लेबनॉनमधल्या काना गावात यांच्याच कॅम्पमध्ये आसपासच्या गावांतली सुमारे ८०० माणसं बायकापोरांसकट आसऱ्याला आली होती, यूएनचा निळा झेंडा आहे म्हणजे इथे कोणी मारणार नाही या भरवशावर, आणि इस्रायलचे तोफगोळे थेट तिथेच पडले, शंभरावर माणसं गेली, फिजीचे जवानही जखमी झाले. २०१४ ला सीरिया-इस्रायलमधल्या गोलान पट्ट्यात यूएनच्याच मिशनवर असताना नुसरा फ्रंट या सीरियातल्या अतिरेकी संघटनेने यांचे ४५ जवान पकडून नेले, दोन आठवड्यांनी सोडले, तेव्हा त्या मिशनचे प्रमुख आपलेच लेफ्टनंट जनरल इक्बाल सिंग सिंघा होते. इतकं होऊनही फिजीने मिशन सोडलं नाही.

ठाणे-वाशी लोकलमध्ये आमच्या ग्रुपात हा विषय निघाला तर एकजण म्हणाला, अहो ते पैशासाठी जातात. जातात ना, यूएन दर जवानामागे पैसे देते आणि त्यावर तिकडची घरं चालतात, पण म्हणून गोळी कमी लागते का? हां, दुसरी बाजूही छापायला हवी. लेबनॉनमध्ये काम केलेल्या फिजीच्या लष्करी अधिकारी राबुकांनीच १९८७ ला भारतीय वंशाच्या लोकांच्या पाठिंब्यावर आलेलं सरकार उलथवलं आणि आपली कितीतरी गिरमिटिया (इंग्रजांनी करारावर मजूर म्हणून नेलेल्यांची) कुटुंबं देश सोडून गेली, ते वाचलं की अजून वाईट वाटतं. तेच राबुका २०२२ ला पुन्हा पंतप्रधान झाले.

सुरक्षा परिषदेत व्हेटो पाच मोठ्या देशांकडे, जवान फिजी, नेपाळ, घाना, आयर्लंडचे. आपलेही आहेतच. तर लेबनॉनचं मिशन संपायच्या आत रविवारच्या पुरवणीत या देशांवर एक अख्खं पान द्या, आणि त्यात कानाबद्दल नीट लिहा, आमच्या मुलांना हे नावसुद्धा माहीत नाहीये.

आपला नियमित वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई