चवथीपर्यंत थांबू नकोस

फोंडा

प्रिय शर्मिला,

काल फोनवर सासूबाई शेजारीच बसल्या होत्या वाटतं, तू नुसतं हं हं करत होतीस, आणि मग रात्री मेसेज टाकलास की गरोदरपणाचा सहावा आठवडा लागलाय, अंगावरून पिवळसर जातंय, वास येतो, ओटीपोटात दुखतं, गणपतीची चवथ झाली की डॉक्टरला दाखवते. म्हणून हे सविस्तर लिहितेय, एकटी असशील तेव्हा वाच. चवथीला अजून किती दिवस आहेत गो, गणपतीवरची माटोळी बांधायला घरात बाकीची माणसं आहेत. उद्या सकाळीच जा.

दिवस राहिले की अंगावरून थोडं जास्त जातंच. हार्मोन्स वाढतात, तिकडचा रक्तपुरवठा वाढतो, त्यामुळे पातळ, पांढरट, वास नसलेलं जात असेल तर त्यात काही नाही. पण तुझं पिवळसर आहे आणि वास येतो म्हणतेस. नुस्त्यासारखा, म्हणजे मासळीसारखा वास असेल तर बहुतेक बॅक्टेरियाचं इन्फेक्शन (आमच्याकडे घरभर नुस्त्याचाच वास, कसं कळणार म्हणू नकोस, कळतं!). खाज आणि घट्ट दह्यासारखं पांढरं असेल तर बुरशीचं. दोन्हीवर गरोदरपणात चालणारे उपचार आहेत, पण ते डॉक्टरनेच द्यायचे. फार्मसीत एकदाच घ्यायची बुरशीची गोळी मिळते ना, फ्लुकोनॅझोल, ती आपल्या मनाने अजिबात घेऊ नकोस, अशा दिवसांत शक्यतो आत ठेवायची गोळी देतात. आणि आतून साबणाने किंवा कडुलिंबाच्या पाण्याने धुवायचं कोण सांगेल तर मान हलव आणि सोडून दे.

दुखण्याचं म्हणशील तर, पिशवी वाढते तसं पाळी येणार असल्यासारखं हलकं दुखतं, शिवाय या दिवसांत आतडी सुस्त होतात, गॅस धरतो, पोट साफ होत नाही. लघवीला जळजळ होत असेल तर लघवीची तपासणी सांग, ते इन्फेक्शन तसंच राहिलं तर किडनीपर्यंत जातं.

पण तू "कधी कधी एकाच बाजूला" असं लिहिलंस ना, ते वाचून मला झोप लागली नाही. शंभरातल्या एखाददुसऱ्या बाईचा गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो आणि त्याचा त्रास साधारण याच आठवड्यांत सुरू होतो. तुझं तेच आहे असं मी म्हणत नाही, पण ते नाही हे सोनोग्राफी केल्याशिवाय कळणार कसं? एका बाजूला जोरात दुखायला लागलं, चक्कर आली, रक्त जायला लागलं किंवा खांद्याच्या टोकाला दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन. खांद्याचं ऐकून विचित्र वाटेल, पण पोटात आत रक्त साचलं की ते छातीखालच्या पडद्याला लागतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. ताप आला तरी लगेच जायचं.

माझ्या पहिल्या खेपेला तपकिरी डाग दिसले होते, तेव्हा एका क्लिनिकात "होतं असं, पडून राहा" म्हणून बघितल्याशिवायच परत पाठवलं. मी दुसरीकडे गेले. तिथे कापसाच्या काडीने आतून सँपल घेतलं, क्षणभर गार लागलं, बस. सोनोग्राफीपण आतूनच केली, इतक्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही. दुखत नाही. लघवी करून ये म्हणतात. सहाव्या आठवड्यात ठोका दिसलाच नाही तर तिथेच रडायला बसू नकोस, तारीख चार दिवस पुढेमागे असली तरी असं होतं, मग ४८ तासांच्या अंतराने रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन, बघतात आणि आठवडाभराने परत बोलावतात.

पेडण्याहून म्हापशाचं आझिलो हॉस्पिटल जवळ पडेल, लागलंच तर ते बांबोळीला मेडिकल कॉलेजात पाठवतील. आधार कार्ड घे, शेवटच्या पाळीची तारीख लिहून ने, फॉलिक ॲसिड चालू ठेव. आणि रक्तगटाचं कार्ड शोध. तुझा निगेटिव्ह आहे असं कॉलेजच्या रक्तदानावेळी बोलल्याचं मला आठवतं, तसं असेल तर पहिल्याच वाक्यात सांग, रक्त गेलं तर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं का ते त्यांना ठरवावं लागतं.

घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ, माझ्याबरोबर बाजाराला चाललीस म्हण हवं तर. निघताना मिस्ड कॉल दे, मी म्हापसा स्टँडवर येते.

तुझीच,
वर्षा