मोबाइलला यंत्रे जोडण्याचे शिक्षण मराठवाड्यात मिळावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदविका आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे प्रकल्प ठरण्याचे दिवस आले आहेत. लातूर, नांदेड, परभणी भागातील मुले हल्ली शेतीशी निगडित विषय आवर्जून निवडतात. कापसाच्या बोंडातील गुलाबी अळी किंवा पानामागची पांढरी माशी शेतातच मोठी करून मोबाइलवर पाहता यावी, ही कल्पना त्यांना सहज सुचते. यूएसबीचा छोटा सूक्ष्मदर्शक बाजारात मिळतो, तो मोबाइलला जोडणारी ओटीजी केबल मिळते आणि मोबाइल तर खिशातच असतो. तरीही असे प्रकल्प अर्ध्यावर अडताना मी पाहिले आहेत. अडते ते मोबाइलसाठी यूएसबीची लायब्ररी, म्हणजे उपकरणाशी बोलणारा तयार कोड, बांधून ती नीट बसवण्यापाशी, आणि नेमके तेच आपल्याकडे वर्गात शिकवले जात नाही.

अँड्रॉइडने ३.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, यूएसबी उपकरणे थेट हाताळण्याची सोय अ‍ॅपना दिली. वजनकाट्याचा आकडा वाचण्यासारख्या कामाला जावा या भाषेतील ही सोय पुरते. तिथे सी भाषेच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. परंतु अनेक यूएसबी कॅमेरे आणि सूक्ष्मदर्शक चित्राचा अखंड प्रवाह ज्या आयसोक्रोनस पद्धतीने पाठवतात, ती पद्धत या सोयीत नाही. शिवाय प्रयोगशाळेतील कितीतरी उपकरणांचा तयार, मुक्त कोड सी भाषेत असून तो लिबयूएसबी या लायब्ररीवर उभा आहे. ती मोबाइलवर आणता आली, तर इतरांनी वर्षानुवर्षे केलेले काम आपल्या मुलांच्या हाती येते.

बांधणी फारशी अवघड नाही. लिबयूएसबीच्या मूळ कोडमध्ये अँड्रॉइडसाठी स्वतंत्र फोल्डर दिलेला आहे. संगणकावर सी भाषेतील कोड मोबाइलसाठी बांधणारा अँड्रॉइडचा एनडीके हा संच घेऊन तिथे एनडीके-बिल्ड ही आज्ञा चालवली, की प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळी एसओ फाइल, म्हणजे बांधलेली लायब्ररी, तयार होते. ३२ बिटांबरोबर ६४ बिटांची फाइलही अ‍ॅपमध्ये असावी लागते, कारण ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरची तशी अट आहे.

वाट चुकते ती बसवताना. मोबाइल रूट करा (म्हणजे त्याच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवा), फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाका आणि यूएसबीच्या परवानग्या सर्वांना खुल्या करा, ही जुन्या काळातील कृती विद्यार्थी आजही जशीच्या तशी उतरवून घेतात. ज्या घरात पीकविम्याचे संदेश, बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास एकाच मोबाइलवर चालतो, तिथे तो रूट करणे मला अजिबात मान्य नाही. त्याने सुरक्षा ढिली होते आणि बँकांची अनेक अ‍ॅप अशा मोबाइलवर चालण्यास नकार देतात. मुख्य म्हणजे त्याची गरजच उरलेली नाही.

योग्य रीत अशी आहे. एसओ फाइल अ‍ॅपच्या आतच ठेवावी. उपकरण जोडल्यावर अ‍ॅपने अँड्रॉइडकडे परवानगी मागावी, वापरणाऱ्याने ती पडद्यावर द्यावी, आणि उघडलेल्या जोडणीचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे तिची ओळख सांगणारा क्रमांक, सी भाषेतील कोडकडे सोपवावा. लिबयूएसबीच्या १.०.२३ या आवृत्तीपासून असा डिस्क्रिप्टर स्वीकारणारे खास फंक्शन आहे. दोन गोष्टी मात्र शिक्षकाने जवळ बसून दाखवाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत. लायब्ररी सुरू करण्यापूर्वीच तिला उपकरणे स्वतः न शोधण्याचा पर्याय द्यावा लागतो, कारण साध्या अ‍ॅपला यूएसबीचा फोल्डर चाळण्याची मुभा नसते आणि त्यामुळे लायब्ररी सुरू होतानाच अडू शकते. दुसरे म्हणजे, काम संपेपर्यंत जावाकडील जोडणी बंद करू नये. ती बंद झाली की डिस्क्रिप्टर निकामी होतो आणि चित्र मध्येच थांबते. हुशार विद्यार्थीही इथे सूक्ष्मदर्शकच बिघडला असे समजून तो दुकानात परत करायला निघतात.

विजेचाही विचार हवा. यूएसबी २.० च्या पोर्टवरून उपकरण जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मागू शकते. मोबाइलला तेवढे झेपत नसेल, तर स्वतंत्र वीज घेणारा हब वापरावा.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक अभियांत्रिकी पदविकेत मोबाइल अ‍ॅप तयार करण्याचा विषय आहे. त्यात एनडीकेने लायब्ररी बांधण्याचे आणि रूट न करता ती चालवण्याचे एक तरी प्रात्यक्षिक मंडळाने सक्तीचे करावे. तोवर मराठवाड्यातील तंत्रनिकेतनांनी ते प्रकल्पाच्या तासांत घ्यावे. त्यासाठी एक संगणक, एक साधा मोबाइल आणि एक सूक्ष्मदर्शक एवढेच लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्राच्या अभ्यासकांनी या मुलांना कोणती कीड किती मोठी दिसायला हवी, हे सांगितले तर प्रकल्पांना खरी दिशा मिळेल. आणि यंदा बांधणी करणाऱ्यांनी एनडीकेची २८ वी किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी, कारण अँड्रॉइड १५ च्या काही उपकरणांत मेमरीचे पान, म्हणजे मेमरी वाटून देण्याचा एक तुकडा, ४ ऐवजी १६ केबीचे असते आणि जुन्या पद्धतीने बांधलेली एसओ फाइल तिथे चढत नाही.

आपला विश्वासू,
एक तंत्रनिकेतन अध्यापक, लातूर