म्हातारे देश आणि आपली पोरं

महोदय,

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आमच्या बीड-लातूरकडच्या नर्सिंग, आयटीआय झालेल्या पोरांनी जरूर जावं. इथे बसून तलाठी भरतीची वाट पाहण्यापेक्षा ते बरं.

पण म्हातारे होत चाललेले देश कामगारांची तूट बाहेरची माणसं आणून भरू पाहतात; परक्या माणसांवर असा आख्खा देश चालवणं वेगळं. जपानमध्ये दर दहांत जवळपास तिघे पासष्टीपुढचे. दक्षिण कोरियाचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०२३ मध्ये ०.७२. बाहेरून आलेलेही एक दिवस म्हातारे होतात, आणि त्यांची मुलंही हळूहळू तिथल्यासारखीच कमी अपत्यांवर थांबतात. मग पुन्हा नवे आणायचे? जर्मनीने १९६१ च्या करारानंतर तुर्की कामगार बोलावले ते ‘पाहुणे’ म्हणून. पाहुणे राहिले, संसार थाटले. पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांना जन्माने नागरिकत्वाची वाट २००० मध्ये मोकळी झाली. हात हवे होते, शेजारी नको होते!

माणसं बाहेर गेली की मागे काय उरतं, हे ऊसतोडीच्या हंगामात बीडच्या कुठल्याही तांड्यावर दिसतं: म्हातारी आणि नातवंडं. शिवाय महाराष्ट्राचाच जननदर १.७ वर आलाय (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). म्हणजे आपल्याकडेही पोरांचा साठा अखंड नाही.

पोरं वाढवायचा, शिकवायचा खर्च आपण करतो. म्हणून पुढच्या करारात मराठवाड्यातल्या सरकारी आयटीआय आणि नर्सिंग महाविद्यालयांसाठी त्या देशांकडून पैसे मागावेत.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)