एका बॅटरीवरून दुसरी बॅटरी भरताना

संपादक महोदय,

वीजवाहिनी न पोहोचलेल्या वाड्यावस्त्यांवर आणि शेतघरांत सध्या एक जुळणी वारंवार पाहावयास मिळते. सौर संचाची जुनी बॅटरी थकली की घरमालक तिच्या शेजारी दुसरी आणून ठेवतो, दोन तारांनी दोन्हींची टोके जोडतो आणि आता पहिली दुसरीला भरत राहील असे धरून चालतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगरवाड्यांत अशा संचांची किरकोळ दुरुस्ती मी बरीच वर्षे करीत आलो आहे. या एका समजुतीपायी धडधाकट बॅटऱ्या दीड-दोन वर्षांत भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे पत्र.

ही वेळ का आली, तेही सांगितले पाहिजे. २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे आणि एक डीसी पंखा असा संच देण्याची तरतूद होती आणि त्यासोबत पाच वर्षांची देखभाल होती. २०१८-१९ मध्ये बसवलेल्या संचांची ती मुदत केव्हाच उलटली. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, बॅटरी तितकी टिकत नाही; मग कोणी ट्रकची जुनी बॅटरी आणतो, कोणी ई-रिक्षातून काढलेली लिथियम बॅटरी आणतो, आणि जुन्या बॅटरीत ‘अजून थोडा जीव आहे’ म्हणून तीही जागेवरच राहते.

आता मूळ मुद्दा. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल, तर तिच्या टोकांवर सुमारे १२.७ व्होल्ट दिसतात. परंतु तीच बॅटरी पूर्ण भरायची झाल्यास तिला १४.४ व्होल्टच्या आसपासचा दाब काही तास सलग द्यावा लागतो. म्हणजे भरलेल्या बॅटरीपाशी जो दाब असतो, तो दुसरी भरण्यास पुरेसा कधीच नसतो. खालच्या टाकीतले पाणी नुसत्या नळीने वरच्या टाकीत चढत नाही, मध्ये पंप लागतो, इतकी ही साधी गोष्ट आहे. ११.८ व्होल्टपर्यंत उतरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या बॅटरीला जोडली आणि दोन्ही बॅटऱ्यांचा व तारांचा मिळून रोध २० मिलिओहम धरला, तर पहिल्या क्षणी ४५ ॲम्पिअर प्रवाह धावतो, तार गरम होते आणि पाहणाऱ्याला वाटते की काम झकास चालले आहे. काही मिनिटांतच रिकाम्या बॅटरीचा दाब वर सरकतो, भरलेलीचा खाली येतो आणि प्रवाह एक-दोन ॲम्पिअरवर येऊन रेंगाळतो. दुसरी बॅटरी अर्धीही भरलेली नसते, पहिली मात्र विनाकारण उतरलेली असते. शिसे-आम्ल बॅटरी अशी अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसत जाते, आणि ते पुढे कितीही चार्जिंग केले तरी पुरते सुटत नाही.

जोडीला लिथियम असेल तर प्रकार अधिक फसवा होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलची बॅटरी आपल्या बहुतांश क्षमतेपर्यंत १३.२ व्होल्टच्या आसपासच राहते. ती शिसे-आम्ल बॅटरीला समांतर जोडली की अहोरात्र तिच्यात थोडा थोडा प्रवाह ओतत राहते. संध्याकाळी दिवे लागले की सगळा भार आधी लिथियमवर येतो, आणि ती जवळजवळ रिती झाल्यावरच दुसरी कामाला लागते. मालकाला वाटते दोन बॅटऱ्या आहेत. प्रत्यक्षात एक राबते आणि दुसरी तिच्या जिवावर जगते. व्होल्टमीटर लावून पाहावे तर तोही १३.२ दाखवीत राहतो आणि मग बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतील संरक्षक सर्किट, एकाएकी पुरवठा तोडते. लिथियममध्ये किती शिल्लक आहे हे कळण्यासाठी आत-बाहेर गेलेले ॲम्पिअर-तास मोजणारा मीटर लागतो, नुसते व्होल्ट पाहून भागत नाही.

काही जण यावर तोड म्हणून पहिल्या बॅटरीवर इन्व्हर्टर चालवतात आणि त्याच्या २३० व्होल्टवर साधा चार्जर लावून दुसरी भरतात. यात दाबाचा प्रश्न सुटतो, पण वाटेतली गळती पाहा. पहिल्या बॅटरीतून १००० वॉट-तास काढले, इन्व्हर्टरने ८५ टक्के पुढे दिले, चार्जरनेही ८५ टक्के दिले आणि दुसऱ्या शिसे-आम्ल बॅटरीने भरताना-उतरताना त्यातले ८० टक्के परत केले, तर हाती ५८० वॉट-तासही लागत नाहीत. शिवाय ती वीज पहिल्या बॅटरीत साठवताना झालेला तोटा वेगळा, आणि तिचे भरण्या-उतरण्याचे एक जास्तीचे आवर्तन खर्ची पडले ते वेगळेच. मीही पूर्वी एका पावसाळ्यात हाच उद्योग आठवडाभर केला होता आणि शेवटी दोन्ही बॅटऱ्या उतरवून कंदील लावून बसलो होतो.

शहरातून येणारे तंत्रज्ञ कधी कधी कॅराव्हॅनमध्ये किंवा नौकेत वापरतात तो दाब ओळखून दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा रिले (स्विच) सुचवतात. तिथे तो चालतो, कारण इंजिन सुरू असताना त्यावर फिरणारे जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, दोन्ही बॅटऱ्यांना १४ व्होल्टच्या घरात नेतो. एक बॅटरी दुसरीला भरत नसते, अल्टरनेटर दोघींना भरत असतो. सौर घरात रात्री हे काम करणारे काहीच नसते.

उत्तम मार्ग म्हणजे प्रत्येक बॅटरीला तिचे पॅनेल आणि तिचा चार्ज कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे यंत्र) स्वतंत्र द्यावा आणि भार वाटून घ्यावा: दिवे एकीवर, पंखा व मोबाईल दुसरीवर. ज्यांच्याकडे पॅनेल एकच आहे त्यांनी डीसी-टु-डीसी चार्जर वापरावा. तो कमी दाबाची वीज घेऊन दुसऱ्या बॅटरीच्या प्रकाराला लागेल तो दाब देतो, प्रवाहावर मर्यादा ठेवतो, आणि चांगल्या प्रतीचा असल्यास दहा टक्क्यांच्या आतबाहेरच तोटा करतो. पण तो रात्री चालवू नये. दुपारी पहिली बॅटरी भरत आली की कंट्रोलर पॅनेलचा प्रवाह आवरता घेतो आणि ते ऊन वाया जाते. नेमक्या त्या वेळी, पहिलीचा दाब १३.६ व्होल्टच्या वर असताना चार्जर सुरू व्हावा आणि १३ च्या खाली येताच बंद पडावा. असे केले की दुसरी बॅटरी खऱ्या अर्थाने पहिलीवरून नव्हे, तर पॅनेलवरूनच भरते. (हे आकडे पहिली बॅटरी शिसे-आम्ल असताना लागू पडतात, ती लिथियम असल्यास वेगळे ठेवावे लागतात.) दुसरी १५० ॲम्पिअर-तासांची (एएच) ट्युब्युलर, म्हणजे नळीदार पट्ट्यांची शिसे-आम्ल बॅटरी असेल तर १५ ॲम्पिअरची मर्यादा योग्य.

दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांजवळ फ्यूज हवाच, एकाच बाजूला लावून चालत नाही, कारण तार घासून शॉर्ट झाली तर प्रवाह दोन्हीकडून येतो. घरगुती एसीचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे बसवू नये; डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. आणि शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा ती देव्हाऱ्याखाली किंवा चुलीच्या खोलीत ठेवण्याची पद्धत मोडायला हवी.

संबंधित विभागांना माझी एकच विनंती आहे. नादुरुस्त संचांना नवी बॅटरी देताना तिच्या प्रकाराला जुळणारा किंवा जुळवून घेता येणारा कंट्रोलर सोबत द्यावा, जुनी बॅटरी त्याच दिवशी परत न्यावी (२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी टाकलेलीच आहे) आणि पेटीच्या झाकणावर आतून मराठीत छापलेला कागद चिकटवावा. बॅटरीचा प्रकार, भरण्याचा दाब, कमाल प्रवाह आणि ‘दुसरी बॅटरी थेट जोडू नये’ एवढे चार मुद्दे त्यावर पुरेत. आज त्या पेट्यांवर असतो तो इंग्रजी कागद, आणि तोही पहिल्या पावसाळ्यातच ओल येऊन गळून पडतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, जि. कोल्हापूर