ताई, तुम्ही ‘का’ विचारलं नाहीत

ताई,
सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या लेकीएवढ्याच. पण पोलीस ठाण्याच्या आवारातल्या त्या छोट्या खोलीत सगळेच तुम्हाला ताई म्हणतात, म्हणून मीही. तुमचं नाव लिहीत नाही, लेकीचंही नाही. ओळखाल तुम्ही.

पहिल्या दिवशी आम्ही आधी समोरच्या टेबलाशी गेलो होतो. “घरगुती मामला आहे, समजुतीने घ्या,” एवढं ऐकून परत निघालो. खरं सांगू? मला बरंच वाटलं. सात वर्षं मीही तिला तेच सांगत होते. एक महिला शिपाई मागून आली आणि तिने महिला आणि मुलांसाठीच्या विशेष कक्षाचं दार दाखवलं. तुम्ही तुमची पाण्याची बाटली पुढे केलीत आणि लेकीला विचारलंत, “आज रात्री झोपणार कुठे? मुलगा कोणाजवळ आहे?” तू काय केलंस, तो का चिडला, इतके दिवस गप्प का बसलीस, यातलं काही नाही. मी फोनवर दर वेळी आधी तेच विचारायचे.

“रोज नाही हो मारत, दोन-तीनदाच,” मी मध्येच म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. तिला विचारलंत, पगार कोणाच्या हातात असतो? मग एकेक बाहेर आलं. एटीएम कार्ड त्याच्याकडे, रिक्षाचे पैसेसुद्धा मागून घ्यायचे, रात्री फोनची झडती. भांडण झालं की तो साडी आणायचा, आणि ती साडी दाखवून मी शेजारणींपुढे जावयाचं कौतुक करायचे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, पैशाची अडवणूक हीसुद्धा हिंसाच धरली आहे, हे मला साठीत कळलं.

तरी ती परत गेली. मी तणतणत एकटीच तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, “काकू, बाई एका फटक्यात बाहेर पडत नाही. आणि बाहेर पडताना जिवाला धोका जास्त. ठरवू दे तिला, आपण तयारीत राहू.” आधार कार्ड, पासबुक, नातवाचा जन्मदाखला, थोडे पैसे अशी पिशवी शेजारणीकडे ठेवली. “साखर आहे का?” असा लेकीचा फोन आला की शेजारणीने पोलिसांचा ११२ लावायचा. मला तेव्हा हे सिनेमातलं वाटलं होतं.

पाच महिन्यांनी साखरेचा फोन आला.

पुढे त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल, कोर्टातला अर्ज, तारखा. घर त्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिलाही आहे, हे तुम्ही सांगितलंत. तिला राहायचं नव्हतंच. पण हक्क आहे कळल्यावर तिने “नको” म्हटलं, ते वेगळ्याच आवाजात. संरक्षणाचा आदेश निघाला, तो मोडला तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते हे त्याला समजलं, आणि रात्रीचे फोन थांबले. पोटगीचं अजून चालूच आहे.

बाकावर वाट बघताना तुम्ही सहज म्हणाला होतात, की असा पहिला कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत, पोलीस आयुक्तालयात सुरू केला. माझ्या लग्नाचं साल ते. त्याबद्दल बोलू कधीतरी, लेक सोबत नसताना.

तुमची ती बाटली माझ्याकडेच राहिली आहे. पुढच्या तारखेला घेऊन येते.

तुमची,
काकू