फोटोत खूर दिसत नाहीत

प्रिय चिमणे,

घोडी विकत घ्यायची म्हणणारा तुझा मेसेज मिळाला, विकणाऱ्याच्या फोटो-वर्णनासकट. एवढा लांब मेसेज तू याआधी फक्त हॉस्टेल बदलायचं होतं तेव्हा पाठवला होतास. आईने तो दोनदा मोठ्याने वाचला.

घोडी देखणी आहे, वाद नाही. कुमेद म्हणजे तांबूस तपकिरी रंग, कपाळावर पांढरा पट्टा, मारवाडी कान टोकाला टोक लावून उभे. विकणारा तिला पंचकल्याणी म्हणतो, म्हणजे कपाळ आणि चारही पाय पांढरे. असेलही. पण चारही पाय पांढरे आहेत हे त्याच्या शब्दावरच मानायचं, कारण त्याने तिला गुडघाभर गवतात उभी केली आहे. देवमण कुठे, भोवरा कुठे, अशा केसांच्या शुभ-अशुभ खुणांचं पानभर वर्णन. खुरांचा मात्र एक फोटो नाही. वय पाच सांगतो. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात पडून तोंड भरलेलं असतं, ते उघडून दाखवायला कितीसा वेळ लागतो?

शेवटी तू लिहिलंस, ‘बाबा, तुम्हाला घोडे आवडतच नाहीत.’ फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

अण्णांचा टांगा होता, दोंडाईचा स्टेशन ते पेठ, हे तुला माहीत आहे. टांग्याची घोडी चंद्री. शाळेतून आलो की तिला खरारा करायचा आणि तोबऱ्यात चंदी, म्हणजे दाणा, भरून द्यायची, हे माझं काम. १९८४ साली मी बारा वर्षांचा होतो. ज्वारीची पोती नुकतीच घरात आली होती. एका संध्याकाळी मी कोठीच्या दाराला कडी न लावता खेळायला पळालो. चंद्रीने दावं सोडवलं की तेही मीच सैल बांधलं होतं, आठवत नाही. अण्णा आले तेव्हा एका पोत्यातली बरीच ज्वारी तिने खाल्ली होती.

घोड्याला उलटी करता येत नाही. गेलेलं आत राहतं. ती रात्रभर वळून वळून पोटाकडे बघत होती, पुन्हा पुन्हा आडवी व्हायची आणि अण्णा तिला उठवून अंगणात फिरवत होते. पहाटे तिने लीद टाकली, तेव्हा माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. आम्हाला वाटलं, सुटलो. दोन दिवसांनी ती पुढचे पाय टेकेना. खुरं हाताला गरम लागायची. सगळा भार मागच्या पायांवर टाकून अवघडून उभी राहायची. जास्तीच्या दाण्याने खुरांच्या आत सूज येते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्हाला कळलं.

ती जगली, पण टांग्याला पुन्हा लागली नाही. मार्गशीर्षात एका व्यापाऱ्याने मिळेल त्या भावात नेली. अण्णांनी मला कडीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. टांगा तसाही रिक्षांनी संपवलाच असता, असं काका अजून म्हणतात. काकांना कडीचं माहीत नाही. तुझ्या आईलाही आज रात्री सांगणार आहे.

आता तुझं. क्लासमध्ये घोडा खोगीर चढवून तुझ्यासमोर येतो, पाऊण तास रपेट झाली की तू लगाम घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या हातात देतेस. तुझी मांड चांगली आहे, व्हिडिओ बघतो मी, चोरून. पण उरलेले सव्वातेवीस तास तू पाहिलेले नाहीत. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला आठ-दहा किलो वैरण, वर चंदी, तीसेक लिटर पाणी. पंधरा-वीस किलो लीद रोज उचलायची, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. दीड-दोन महिन्यांनी नालबंद. आणि घोडं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. शेजारी निदान एखादी शेळी तरी बांध म्हणतात. पैशांचं मी मुद्दाम लिहीत नाही. ते तू आईशी बोल, तिने वहीत मांडलंय आणि आकडा वाईट आहे.

मोतद्दारकाकांना विचार, महिनाभर पहाटे साडेपाचला आलेलं चालेल का. खरारा, खुरं साफ करणं, तबेला झाडणं. खुरं तर रोज हातात धरून बघ, गार आहेत ना. ते हसतील, हसू दे. पंचवीस वर्षं जगणारं जनावर आहे, तू चाळिशीची होईपर्यंत.

आणि दत्तजयंतीला घरी ये. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजाराला जाऊ. तापीकाठी तंबू लागतात, मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, लग्नात नाचवायचे पांढरे नुकरे, सगळं तुला दाखवतो. गेली काही वर्षं एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायला म्हणून मी जातो, ते दर्शन दहा मिनिटांत होतं. घरी परतायला संध्याकाळ का होते, हे आईने कधी विचारलं नाही. मागच्या खेपेला एका काठेवाडी शिंगराची खुरं बघत होतो, तर मालकाने भाव सांगायला सुरुवात केली. मी पळालो.

येताना पैसे आणू नकोस. जुने बूट आण, तिथे चिखल असतो. माळ्यावर अण्णांनी ठेवलेलं चंद्रीचं जोत, टांग्याला जुंपायचा पट्टा, आहे, चामडं पार तडकलंय. काल खाली काढून एरंडेल चोळलं. अर्धं राहिलंय, ते तू आल्यावर.

तुझे,
बाबा