त्रुटिपत्र हाच अर्ज

सांगली, रविवार

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रातला प्रश्न सरळ होता. एखादी फाइल कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर वाचून तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, दिली असता तो तिच्यावर जी तक्रार छापतो, ती तक्रार म्हणजेच अक्षर न् अक्षर ती फाइल असेल, तर तिला क्वाइन म्हणायचे की नुसती हातचलाखी? याचे उत्तर एका ओळीत देता आले असते. पण गेले तीन रविवार मी याच उद्योगात घालवले असल्यामुळे आता तुला सगळे ऐकून घ्यावे लागेल.

आधी नेहमीच्या क्वाइनविषयी, कारण फरक तिथेच कळतो. स्वतःचा मजकूर जसाच्या तसा छापणारा प्रोग्रॅम म्हणजे क्वाइन. त्याने स्वतःची फाइल उघडून वाचायची नाही, एवढीच अट. हे नाव डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७९ साली, विलर्ड क्वाइन या तर्कशास्त्रज्ञांच्या नावावरून दिले. पण असा प्रोग्रॅम त्याच्या कितीतरी आधी, १९६०च्या दशकात, एडिंबरो विद्यापीठात हॅमिश ड्यूअर यांनी अॅटलस ऑटोकोड या भाषेत लिहिलेला होता. त्यातली युक्ती मराठीतही दाखवता येते. पुढची ओळ ही एक आज्ञा आहे असे समजून ती पाळ:

पुढील शब्द दोनदा लिही, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत: ‘पुढील शब्द दोनदा लिही, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत:’

आज्ञा पाळून झाल्यावर कागदावर जे उतरेल ते मूळ ओळीशी ताडून पाहा. तेच शब्द एकदा हुकूम म्हणून येतात आणि एकदा माल म्हणून येतात. कोणत्याही भाषेतला कोणताही प्रामाणिक क्वाइन शेवटी याच दोन पायांवर उभा असतो. तो रचायला कष्ट पडतात, आणि ते सगळे कष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे असतात.

तुझ्या प्रश्नातला प्रकार याच्या नेमका उलट आहे. तिथे प्रोग्रॅम कधी चालतच नाही. बोलतो तो कंपायलर. तुला कचेरीतला अनुभव आहे म्हणून त्या भाषेत सांगतो. आपण अर्ज करतो, आणि काही दिवसांनी ‘खालील त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा’ असे त्रुटिपत्र हाती पडते. आता असा एक अर्ज कल्पून पाहा, की ज्यावर कचेरीने काढलेले त्रुटिपत्र स्वल्पविरामासकट त्या अर्जाची नक्कल असेल. अर्जदाराने काहीच मागितलेले नाही, कचेरीने काहीच दिलेले नाही, आणि तरीही दोन्ही कागद तंतोतंत जुळतात. फाइल म्हणजे तो अर्ज, आणि कंपायलर म्हणजे ती कचेरी.

यातले सर्वांत साधे उदाहरण पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सापडते. पायथनला आपण कंपायलर म्हणत नाही, पण फाइल चालवण्यापूर्वी तो ती पूर्ण वाचून बाइटकोडमध्ये, म्हणजे स्वतःच्या आतल्या भाषेत, उतरवतो आणि व्याकरणाची तक्रार त्याच टप्प्यावर करतो, तेव्हा आपल्या कामापुरता तो कंपायलरच. माझ्या फायलीचे नाव मी ‘आरसा’ ठेवले आहे आणि ती लिनक्सवरच्या टेम्प या फोल्डरमध्ये आहे. तिच्यात एवढ्याच तीन ओळी आहेत. पडद्यावर यातले इंग्रजी शब्द रोमन लिपीत असतात, इथे ते देवनागरीत उतरवून देतो:

  फाइल "/टेम्प/आरसा", लाइन १
    फाइल "/टेम्प/आरसा", लाइन १
इंडेंटेशनएरर: अनएक्स्पेक्टेड इंडेंट

पहिल्या ओळीआधी दोन मोकळ्या जागा आहेत, दुसरीआधी चार. आता पायथन ही फाइल वाचायला घेतो. पहिलीच ओळ समासापासून दोन घरे आत सरकलेली दिसते, आणि फायलीच्या अगदी आरंभी असे सरकणे पायथनला चालत नाही. तो तिथेच थांबतो; पुढच्या दोन ओळींत काय लिहिले आहे याच्याशी त्याला देणेघेणे उरत नाही. मग तो ठरलेल्या नमुन्यात तक्रार लिहितो: आधी दोन जागा सोडून फायलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक, त्याखाली चुकलेली ओळ उद्धृत, त्याखाली चुकीचा प्रकार. ओळ उद्धृत करताना तिच्या आरंभीच्या मोकळ्या जागा तो काढून टाकतो आणि स्वतःच्या चार घालतो. सगळी गंमत या एका सवयीत आहे. त्याने मूळच्या जागा तशाच ठेवून वर आपल्या घातल्या असत्या, तर उद्धृत ओळ दोन घरे जास्त आत गेली असती. ते अंतर निश्चित असल्यामुळे फाइल तेव्हाही जुळवता आली असती म्हणा, पण ती मोजून हाताने जुळवावी लागली असती. इथे मोजण्याचीही गरज पडली नाही.

कारण, अण्णा, ही फाइल मी लिहिलेलीच नाही. मी त्या फायलीत नुसते ‘अमुक तमुक’ असे दोन शब्द, दोन जागा सोडून, टाकले होते. पायथनने तक्रार केली. ती तक्रार मी त्याच फायलीत ओतली आणि पुन्हा चालवली. या वेळी पहिली ओळ ‘फाइल, लाइन १’ ही होती, म्हणून उद्धृतही तीच झाली. ती तक्रार पुन्हा ओतली, पुन्हा चालवली, आणि काही बदलले नाही. दोन फेऱ्यांत फाइल स्थिरावली होती. त्यानंतर मी जाणूनबुजून निरनिराळा कचरा घेऊन सुरुवात केली: चुकीचा कंस, सातव्या ओळीतली चूक, एकदा तर वाणसामानाची यादी. तीन-चार फेऱ्यांत प्रत्येक वेळी त्याच तीन ओळी हाती आल्या. अपवाद एकच. पूर्ण रिकाम्या फायलीवर पायथन अवाक्षर काढत नाही, आणि काही न बोलणे म्हणजे रिकामीच फाइल. म्हणजे ती दुसरी स्थिर फाइल झाली. (शून्य बाइटांचा सी प्रोग्रॅम जगातला सर्वांत लहान क्वाइन म्हणून १९९४च्या आंतरराष्ट्रीय दुर्बोध सी स्पर्धेत खरोखर सादर झाला होता, आणि परीक्षकांनी त्याला नियमांच्या सर्वाधिक दुरुपयोगाचे बक्षीस दिले होते.)

आपण दुसऱ्या वर्षाला असताना कंटाळवाण्या तासाला कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून कॉसचे बटण पुन्हा पुन्हा दाबत बसायचो, ते आठवते का? कुठूनही सुरुवात केली तरी आकडा शेवटी ०.७३९०८५ वर येऊन थांबायचा, आणि तू म्हणायचास की मशीन बिघडले. तेच इथे घडते आहे. ‘फाइल देऊन तक्रार घेणे’ हे एक फलन आहे आणि आपली फाइल हा त्याचा स्थिरबिंदू आहे, म्हणजे जे दिले तेच परत येते. स्टीफन क्लीनी यांनी १९३८ साली सिद्ध केलेल्या प्रमेयामुळे नेहमीचे क्वाइन प्रत्येक पुरेशा समर्थ भाषेत असतातच. तक्रारींच्या बाबतीत असली हमी कुणी देत नाही, कारण तक्रारीचा नमुना हा गणिताचा भाग नाही. तो कुणा माणसाने सोयीसाठी ठरवलेला असतो.

सी भाषेत हे फारच कळते. मी हाच प्रयोग जीसीसी या सीच्या कंपायलरच्या एका जुन्या आवृत्तीवर केला आणि हात पोळून घेतले. युनिकोडची भाषा-मांडणी असलेल्या यंत्रावर जीसीसी आपल्या संदेशांत वळणदार अवतरणचिन्हे वापरतो, आणि सीच्या व्याकरणाला नेमकी तीच चिन्हे मान्य नाहीत. असे एक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे असते. जुना जीसीसी त्या प्रत्येक बाइटबद्दल स्वतंत्र तक्रार करतो, की प्रोग्रॅममध्ये ‘\३४२’ हे अक्षर मोकाट सापडले (त्याचा शब्द ‘स्ट्रे’, आणि मोकाट कुत्र्यांइतका त्याला दुसरा चपखल अर्थ नाही). आता बघ, ही तक्रार करताना तो त्या मोकाट अक्षराभोवती पुन्हा दोन वळणदार चिन्हे घालतो. ती तक्रार त्यालाच वाचायला दिली की दोन चिन्हांचे सहा बाइट आणि मधली तिरकी रेघ अशा निदान सात नव्या तक्रारी होतात, आणि त्या सातांच्या पोटी पुन्हा प्रत्येकी सात. चौथ्या-पाचव्या फेरीला फाइल उघडायला संपादकाला वेळ लागू लागला, तेव्हा मी नाद सोडला. स्वतःच्या तक्रारीवर तक्रार करताना पायथन शांत होतो आणि जीसीसी पेटत जातो. मला हा दोघांच्या स्वभावातला फरक वाटतो, पण खरे तर तो फक्त एक पहिल्याच चुकीला थांबतो आणि दुसरा नेटाने पुढे वाचत राहतो, यातला फरक आहे. भाषा-मांडणी साधी केली की जीसीसी सरळ चिन्हे वापरतो, आणि पहिल्या चुकीला थांबण्याची सूचनाही त्याला देता येते, तेव्हा तिथे वाट बंद आहे असे मी म्हणत नाही. मला ती अजून सापडलेली नाही, इतकेच.

आता तुझा खरा प्रश्न. कट्टर मंडळी म्हणतील की यात फसवणूक आहे, कारण कंपायलर फाइल वाचतो आणि तिच्यातली ओळ उद्धृत करतो. आणि स्वतःची फाइल वाचायची नाही हाच तर नियम होता. आक्षेप बरोबर आहे, आणि मीही या फायलीला क्वाइन म्हणणार नाही. मात्र हातचलाखीही म्हणणार नाही. क्वाइनमध्ये प्रोग्रॅम स्वतःला ओळखतो. आपल्या ‘आरशा’त ओळखायला कुणी नाहीच, त्यातला एकही शब्द माझा नाही, सगळे शब्द पायथनचे आहेत. केन थॉम्पसन यांनी संगणकशास्त्रातल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, जे १९८४ साली छापून आले, स्वतःची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमपासूनच सुरुवात केली होती आणि शेवटी दाखवले होते की स्रोतात, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुरात, कुठेही न दिसणारे कपट कंपायलर स्वतःच्या पोटात पिढ्यानपिढ्या वाहून नेऊ शकतो. इथे उलटे आहे: कंपायलरचे बोलणे सोडून स्रोतात दुसरे काहीच नाही. या फायलीतून आपल्याला प्रोग्रॅमबद्दल काही कळत नाही. कंपायलरच्या तोंडी बसलेले शब्द, त्याचे समास आणि त्याच्या सवयी मात्र नेमक्या कळतात. तक्रारींतून काम करून घेण्याला परंपराही आहे. त्याच १९९४ साली एर्विन उनरूह यांनी सी++च्या प्रमाणीकरण समितीपुढे एक असा प्रोग्रॅम ठेवला होता, की जो कंपाइल कधीच होत नसे, पण त्याच्या एरर-संदेशांतून मूळ संख्या एकामागून एक बाहेर पडत.

म्हणूनच अशी फाइल नाजूक असते. नेहमीचा क्वाइन कुठल्याही यंत्रावर न्या, चालेल. माझ्या ‘आरशा’चे नाव बदलले की तो फुटतो, आणि फोल्डर बदलले तरी फुटतो. पूर्वी पायथन आपण हाक मारू तेवढेच नाव छापत असे, ३.९ या आवृत्तीपासून तो मुख्य फायलीचा संपूर्ण पत्ता घेतो, आणि त्या दिवशी माझ्या घरच्या फोल्डरमधली जुनी फाइल काहीही न करता बाद झाली. जुन्या आवृत्त्या उद्धृत ओळीखाली चूक दाखवणारे टोपीचे चिन्हही काढत, तेव्हा फाइल चार ओळींची होती. टेम्प फोल्डर मी एवढ्यासाठीच निवडले, की तो तुझ्या लिनक्सवरही त्याच पत्त्यावर असेल.

शेवटी एक गोष्ट, जी मला काल रात्री सापडली आणि जिच्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले. बॅश या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हाच खेळ एका ओळीत होतो. ‘आरसा’ नावाच्या फायलीत ही ओळ ठेव, चालवण्याची परवानगी दे आणि चालव:

./आरसा: लाइन १: ./आरसा:: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

मधले दुहेरी अपूर्णविराम चुकून पडलेले नाहीत. बॅश पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा शब्द आज्ञा म्हणून घेतो, म्हणजे अपूर्णविरामासकट ‘./आरसा:’ एवढा, तशी फाइल नाही असे सांगताना तो ते नाव जसेच्या तसे छापतो आणि पुढे स्वतःचा अपूर्णविराम जोडतो.

मग मला वाटले, की या दोघांना एकमेकांकडे पाठवून पाहावे. पायथनची तक्रार बॅशला दिली. बॅशला पहिल्या ओळीत ‘फाइल’ नावाची आज्ञा दिसली, ती सापडली नाही, म्हणून त्याने तसे लिहिले, आणि पुढच्या ओळींवरही एकेक शेरा मारला. ते सगळे पायथनला दिले. त्याने नेहमीप्रमाणे फक्त पहिली ओळ वाचली, व्याकरण चुकले म्हणून ती उद्धृत केली आणि थांबला. ते पुन्हा बॅशला दिले. बॅशची पहिली ओळ पुन्हा तीच आली, बाकीच्या थोड्या बदलल्या. पण बाकीच्या ओळी पायथन पाहतच नाही, त्यामुळे त्याचे उत्तर हुबेहूब आधीचेच आले. तिथून पुढे दोन फायली आलटून पालटून येत राहतात: एकीवरचे त्रुटिपत्र म्हणजे दुसरी, आणि दुसरीवरचे त्रुटिपत्र म्हणजे पहिली. एका कचेरीचा जावक क्रमांक दुसरीचा आवक क्रमांक होतो आणि प्रकरण कधीच निकाली निघत नाही.

दोन्ही फायली मी वेगळ्या पाठवतो आहे. तुझ्या यंत्राची भाषा इंग्रजीच ठेव. जर्मन केलीस तर बॅश जर्मनमध्ये कुरकुर करील आणि जोडी मोडेल. आणि वहिनींच्या मॅकवर करून पाहू नकोस. तक्रारीतल्या ‘फाइल’चे पहिले रोमन अक्षर मोठे असते आणि त्याच नावाची खरी आज्ञा लहान अक्षरांत असते; तिथे लहान-मोठ्या अक्षरांत सहसा फरक मानला जात नाही, त्यामुळे बॅशला ‘फाइल’ नावाची आज्ञा खरोखरच सापडेल.

तुझा,
बापू